फांदी धरणाऱ्यानं बोलायचं नसतं

एमाप्लांगेनीच्या बसथांब्यावर नोमाखवेझीची कढई उजाडायच्या आत चढते. फुगलेल्या कणकेचे गोळे, म्हणजे ग्विन्या, ती तेलात सोडत जाते आणि सात वाजेपर्यंत टोपली रिकामी होते. दारुडे घेतात, पाद्री घेतो, गणवेशातले पोलीससुद्धा घेतात. पोलिसांना ती दोन शब्द जास्त सुनावते, पण ग्विन्या देते. अख्ख्या वस्तीत असा एकच माणूस आहे, ज्याला तिच्या हातच्या ग्विन्या मिळत नाहीत. तो मागतही नाही. समोरच्या बाजूनं, भिंतीच्या कडेकडेनं, मान खाली घालून निघून जातो. एखादा नवखा तिच्या बेले कुळाच्या नावानं हाक मारून विचारतो, "मामबेले, एवढं काय केलंय हो त्या म्हाताऱ्यानं?" तेव्हा ती झारा कढईच्या काठावर आपटते. "त्यालाच विचार. आता बोलायला मोकळा आहे तो."

त्याचं नाव वेलिले. एकेकाळी त्याला बघून लोक टोप्या काढायचे.

डूख धरू नये, असं शहाणी माणसं सांगतात. डूख धरणारा स्वतःच जळतो म्हणे. नोमाखवेझीला हे पाद्र्यानं सांगून झालंय, शेजारणींनी सांगून झालंय, तिच्या स्वतःच्या मुलीनंही सांगून झालंय. ती सगळ्यांचं ऐकून घेते आणि पीठ मळत राहते. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीच्यांना नुसता धूर दिसतो.

हे जळणं सुरू झालं १९८६ च्या जूनमध्ये. नोमाखवेझी तेव्हा सोळा वर्षांची होती. गोऱ्यांच्या सरकारनं आणीबाणी लावली होती, शाळा बंद होत्या, वस्तीच्या तोंडाशी चिलखती गाड्या उभ्या असायच्या. तिचा भाऊ साखुम्झी एकोणीस वर्षांचा. उंच, किडकिडीत, आणि बुटांचा भारी शौकीन. अंगातला सदरा फाटका असला तरी चालेल, पण तपकिरी बूट आरशासारखे हवेत. आई म्हणायची, "हा क्रांती करणार, पण चिखल टाळून."

क्रांतीचं सगळं सामान त्यांच्याच अंगणात होतं. कोंबड्यांच्या खुराड्याखाली खड्डा, खड्ड्यात हातानं फिरवायचं छपाईचं यंत्र. पोरं चौघं. साखुम्झी, त्याचा वर्गमित्र थेम्बेला, पंचवीस वर्षांचा वेलिले, आणि नोमाखवेझी. वेलिले सगळ्यांत मोठा, म्हणून पुढारी. गॅरेजमध्ये काम करायचा, शाई कुठून तरी तोच आणायचा. कोंबड्यांच्या पिसांना ती शाई लागायची आणि आई बिचारी त्यांना रोग झालाय म्हणून कडू पाला चारायची. पत्रकं वाटायचं काम नोमाखवेझीचं. टोपलीच्या तळाशी पत्रकं, वर फडकं, फडक्यावर गरम ग्विन्या. पत्रकांना तेल लागायचंच. थेम्बेला म्हणायचा, "आपलं पत्रक वाचून झालं की चाटताही येतं."

त्या दिवशी दुपारी साखुम्झी रेल्वेच्या पुलावर निघाला होता. बाहेरगावाहून कुणी येणार होतं, त्याच्याकडे गठ्ठा द्यायचा होता. ही गोष्ट फक्त चौघांना ठाऊक होती. निघताना त्यानं बूट पुसले आणि बहिणीला दम भरला, "माझ्या वाटच्या सहा ठेव. पाच निघाल्या तर तुझी वेणी कापीन."

तिनं सहा ठेवल्या. त्या तशाच वाळून दगड झाल्या.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी कळवलं, पळून जाताना पुलावरून पडला. अकरा दिवसांनी पेटी मिळाली, खिळे ठोकलेली. वडिलांनी ती उघडलीच. पुलावरून पडणाऱ्याच्या छातीला भोक पडत नाही, एवढं त्यांना कळत होतं. बूट वेगळे, कागदी पिशवीत दिले होते. तपकिरी बूट लाल धुळीनं माखलेले. आई म्हणाली, "खवेझी, धू ते. माझा पोरगा घाणेरड्या बुटांनी जमिनीत जाणार नाही." तिनं परात घेतली, ब्रश घेतला आणि रडत रडत बूट घासले. परातीतलं पाणी लाल झालं. तिला वाटलं, रक्त असेल. तिनं ते कुंपणापाशी ओतून टाकलं.

मग वडील आणि धाकटे काका, फिंडिले काका, उम्फाफाच्या काटेरी झाडाची फांदी तोडून पुलावर गेले. घराबाहेर मेलेल्या माणसाला घरच्यांनी जाऊन आणावं लागतं, नाहीतर तो तिथंच घोटाळत राहतो. जिथं तो पडला त्याच जागेवर फांदी टेकवायची, त्याचं नाव घ्यायचं, तू इथं पडलास बाबा, आता घरी चल, असं सांगायचं. मग फांदी घेऊन निघायचं. वाटेत फांदी धरणाऱ्यानं मेलेल्याशिवाय कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. टॅक्सी असेल तर त्याच्या नावाची जागा रिकामी सोडायची. वडिलांनी सगळं रीतीप्रमाणं केलं. पुलावर फांदी टेकवली, टॅक्सीत खिडकीजवळची जागा सोडली, कारण साखुम्झीला खिडकी आवडायची.

पण आईला स्वप्नं पडायला लागली. "तो गेटाबाहेर उभा आहे," ती सकाळी उठून सांगायची. "पाय लाल आहेत त्याचे. मी बोलावते तर म्हणतो, मला कुणी न्यायला आलंच नाही."

फितूर कोण, हा प्रश्न वस्तीत घरोघर फिरत होता. थेम्बेलालाही पोलिसांनी धरलं होतं आणि दोन दिवसांत सोडलं होतं. वेलिले त्या वेळी क्रॅडॉकला मावशीकडे लपला होता, असं तो सांगायचा. तिथून परतल्यावर लोकांत बसून तो हळू आवाजात म्हणाला, "मी कुणाचं नाव घेत नाही. पण इतक्या लवकर कोण सुटलं, तेवढं बघा." तेवढं पुरलं. थेम्बेलाचं घर पेटलं. त्याची आई मादलोमो अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर आली. थेम्बेला पळाला तो पुन्हा दिसला नाही. त्या घरावर पहिला दगड कुणी मारला माहीत आहे? नोमाखवेझीनं. मादलोमोच्या दारात ती थुंकलीसुद्धा.

पुढं राज्य बदललं, झेंडा बदलला, त्या काळातल्या खुनांच्या सुनावण्या झाल्या. आई दोनदा जाऊन दिवसभर बसून आली. खरं सांगायला कुणी आलं नाही. वेलिलेचं मात्र बरं चाललं. दर जूनमध्ये सभा व्हायची, पहिल्या रांगेत त्याची खुर्ची आणि शेवटी त्याचं भाषण. "साखुम्झी आणि मी एका आईचं दूध प्यायलो!" असं तो छातीवर हात मारून ओरडायचा आणि बायका डोळे पुसायच्या. नोमाखवेझीही पुसायची, हे ती आज सांगते तेव्हा दात खाऊन सांगते. आई गेली तेव्हा तिचे शेवटचे शब्द होते, "तो अजून आला नाही, खवेझी. आण त्याला." वडील आधीच गेले होते. आता आणणार कोण, तर ती. आणि आणायचं कुठून, ते तिला ठाऊक नव्हतं.

अशी तीस वर्षं गेली आणि वस्तीत सिनेमावाले आले.

त्या काळातल्या भूमिगत पोरांवर सिनेमा काढायचा होता. गोष्ट साखुम्झीचीच. दिग्दर्शिका लेसेदी, जोहान्सबर्गची, तिशीची, अंगात वारं भरल्यासारखी पळणारी. वस्तीत ज्याला हातपाय आहेत त्याला काम मिळालं. साठ माणसांच्या दुपारच्या जेवणाची जबाबदारी नोमाखवेझीवर आली. मक्याच्या कण्या आणि घेवडा, कोबी, वजडी, आणि मधल्या वेळेला ग्विन्या. सल्लागार म्हणून, अर्थातच, वेलिले. आता वडीलधारा, म्हणून सगळ्यांचा ताता. त्याला छत्रीखाली घडीची खुर्ची दिली होती. पोरांनी मूठ कशी वळायची, घोषणा कुठल्या पट्टीत द्यायची, टोपी किती तिरकी घालायची, सगळं तो तिथून सांगायचा.

साखुम्झीचं काम करणारा पोरगा होता अयाबोंगा. कष्टाळू होता. पहिल्याच दिवशी तो पातेल्यापाशी येऊन उभा राहिला. "सिसी, तुमचा भाऊ हसायचा कसा?"

"तुझ्यासारखा नाही. तो दात दाखवून हसायचा. तू कॅमेरा शोधून हसतोस."

अयाबोंगा हसला. तिनं त्याला दोन ग्विन्या जास्त दिल्या, कारण त्या हसण्यात दात खरेच दिसले.

पुलावरच्या प्रसंगाचं चित्रीकरण पुढच्या आठवड्यात होतं. त्याची तयारी बघायला सगळे पुलाजवळ जमले होते. जेवणाचा तंबू तिथंच टाकला होता. वेलिले वजडीचं ताट घेऊन बसला होता आणि अयाबोंगा त्याच्या पायाशी.

"ताता, मी पडू कसा? पळताना गोळी लागली, म्हणजे तोंडावर आपटू ना?"

"छे रे!" वेलिलेच्या तोंडात घास होता. ऐकणारा मिळाला की त्याला घास गिळायचीही उसंत नसे. "पळतोय कशाला तो! पळणाऱ्यातला नव्हता तो गडी. सरळ उभा होता. गोळी लागली आणि त्यानं डावा हात असा भिंतीला टेकवला." तो ताट ठेवून उठला, तंबूच्या खांबाला हात टेकवून दाखवायला लागला. "मग खाली बसला. आधी बसला, कळलं का? बुटाची नाडी बांधायला बसावं तसा. मग आडवा झाला. तोंडावर आपटणं वगैरे काही नाही."

अयाबोंगानं पुलाकडं बघितलं. तिथं दोन लोखंडी सळया होत्या, गुडघ्याएवढ्या. "पण पुलावर भिंत कुठाय, ताता?"

वेलिलेचा हात खांबावर तसाच राहिला. "म्हणजे... कठडा रे. कठडा म्हणायचं होतं मला." तो खाली बसला आणि त्यानं ताट पुन्हा मांडीवर घेतलं.

अयाबोंगा वहीत लिहून घेत होता. त्याच्या मागं नोमाखवेझी डाव घेऊन उभी होती. तिला परातीतलं लाल पाणी दिसलं. पुलावर आहे काळी खडी. लाल धूळ या पंचक्रोशीत एकाच ठिकाणी आहे, रुळांपलीकडच्या जुन्या वीटभट्टीत. तिथं भिंती आहेत. तीस वर्षं त्या वेडीनं आपल्याच हातानं ओतलेल्या पाण्याचा अर्थ शोधला नव्हता, आणि हा माणूस, जो त्या दिवशी क्रॅडॉकला होता, तो तिच्या भावाचा डावा हात कुठं टेकला ते सांगत होता.

शेजारच्या चुलीवर तेल तापलं होतं. कढई उचलून चार पावलं चालायचं, एवढंच काम होतं. हात कढईच्या कानापर्यंत गेलाही. पण तिनं तो मागं घेतला. दया आली म्हणून नाही. तेलाचं काम एका क्षणात संपलं असतं आणि वेलिले हुतात्मा म्हणून इस्पितळात गेला असता. शिवाय मेलेला वेलिले भिंत कशी दाखवणार?

तिनं वजडीचा मोठा डाव भरला आणि त्याच्या ताटात वाढला. "घ्या ना, ताता. तुम्ही काही खातच नाही."

संध्याकाळी ती फिंडिले काकांकडं गेली. अठ्ठ्याहत्तरीचा म्हातारा उन्हाची शेवटची तिरीप धरून बसला होता. सगळं ऐकून त्यानं तोंडातला पाईप काढला.

"भट्टी केवढी मोठी आहे, पोरी. पन्नास भिंती असतील. कुठली? एकदा चुकीच्या जागी हाका मारून आलो आम्ही. पुन्हा चुकलो तर तो म्हणेल, या घरातली माणसं आंधळी आहेत."

"म्हणून ज्याला जागा ठाऊक आहे त्याच्याच हातात फांदी द्यायची."

"त्याच्या? तो बेले कुळाचा नाही. आपल्या माणसाला परक्यानं आणायचं?"

"परका कसला, काका? दर जूनला माइकवर काय ओरडतो तो? एका आईचं दूध प्यायलोय म्हणतो. वस्ती साक्षीला आहे. मग करू दे की भावाचं काम."

म्हाताऱ्याच्या तोंडात चारच दात उरले होते, ते सगळे दिसले. "तुझी आई गाय होती गं. तू कुणावर गेलीस?"

"तुमच्यावर."

काकांचं हसू मावळलं. "तो खोटं बोलला तर? पुलावरच फांदी टेकवून मोकळा झाला तर?"

"मेलेल्याशी?" नोमाखवेझी म्हणाली. "फांदी हातात घेऊन? जिवंत माणसांशी तो हवं तेवढं खोटं बोलेल, काका. पण तो याच मातीतला आहे."

काकांनी मान हलवली. खोटी जागा सांगणाऱ्याच्या मानगुटीवर तो मेलेला कायमचा बसतो, हे वस्तीत शाळेत जाण्याआधी कळतं.

दुसऱ्या दिवशी तिनं लेसेदीला सांगितलं, पुलावर चित्रीकरण करण्याआधी आम्हाला फांदी टेकवायची आहे, तुम्ही लांबून बघा, हवं तर टिपा. लेसेदीच्या डोळ्यांत पाणी आलं. जेवणाच्या वेळी नोमाखवेझीनं सगळ्यांसमोर, हात जोडून, लाघवी आवाजात विनंती केली. "आमच्या घरात आता भाऊ उरला नाही. ताता वेलिले स्वतःला त्याचे भाऊ म्हणवतात. फांदी त्यांनीच धरावी, अशी घराची इच्छा आहे."

साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. वेलिलेच्या घशात कणी अडकली. तो खोकला, पाणी प्यायला, मग म्हणाला, "मोठा मान आहे, मामबेले. पण माझी तब्येत..."

"हळूहळू चालू आपण," ती म्हणाली. "घाई कुणाला आहे?"

शनिवारी सकाळी अर्धी वस्ती पुलावर होती. नऊ वाजले होते, थंडी होती, बायकांनी ब्लँकेटं लपेटली होती. सिनेमातली पोरं ८६ सालच्या कपड्यांत आली होती, त्यामुळं म्हाताऱ्यांना क्षणभर कळेना आपण कुठल्या साली उभे आहोत. काकांनी बेले कुळाच्या पूर्वजांची नावं घेतली, एकेक, मोठ्यानं. मग फांदी वेलिलेच्या हातात दिली. उम्फाफाला जोडीनं काटे असतात, एक सरळ पुढं बघणारा आणि एक मागं वळलेला. वेलिलेनं धरताच ते तळव्यात रुतले.

"सांग त्याला," काका म्हणाले. "तू त्याचा भाऊ. आम्ही एकदा इथून हाक मारली होती. तो आला नाही. तू सांग, कुठं पडलास म्हणून."

वेलिलेनं फांदी खडीवर टेकवली. तोंड उघडलं. "साखुम्झी," तो म्हणाला, "साखुम्झी, तू..." आणि थांबला. माइकवर तासभर बोलणाऱ्या माणसाला तीन शब्द सापडेनात. त्यानं मागं वळून पाहिलं, जणू कुणी खांद्यावर हात ठेवला होता.

नोमाखवेझी त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. अगदी हळू बोलली, पण पुलावर तेव्हा दुसरा आवाज नव्हता.

"भिंत कुठाय, ताता वेलिले?"

मग त्यानं फांदी उचलली आणि तो चालायला लागला. पुलावरून उतरला, रूळ ओलांडले, गवतातली पायवाट धरली. कुणी काही विचारलं नाही. सगळे मागून निघाले, कॅमेरा घेतलेला माणूसही ठेचकाळत निघाला. भट्टीत शिरल्यावर वेलिले एकदाही अडखळला नाही. तीन धुराडी सोडली, डावीकडं वळला आणि एका पडक्या भिंतीपाशी थांबला. नोमाखवेझीनं खाली पाहिलं. तिच्या चपला लाल झाल्या होत्या.

"इथं," तो म्हणाला.

"मला नको सांगू. त्याला सांग," काका म्हणाले. "आणि सगळं सांग. अर्धवट ऐकून तो यायचा नाही."

वेलिलेनं फांदी भिंतीला टेकवली. "साखुम्झी, मी वेलिले. त्यांनी मला महिनाभर आधी उचललं होतं. मला मारलं. मी तुझं नाव दिलं. तू पुलावर थांबला होतास. मी येऊन सांगितलं, जागा बदलली आहे, भट्टीत चल. तू काही विचारलं नाहीस. माझ्या मागून आलास." त्याचा आवाज फाटला. "थेम्बेलानं काही केलं नव्हतं. तू इथं पडलास, साखुम्झी. चल. घरी चल."

मग मागून एक हुंकार उठला, गुरं बिथरली की उठतो तसा. अयाबोंगा, साखुम्झीच्या टोपीत आणि साखुम्झीच्या सदऱ्यात, खाली वाकला आणि त्यानं अख्खी वीट उचलली. दुसऱ्या पोरांनीही उचलल्या. त्या काळात फितुराचं काय व्हायचं हे त्यांनी सिनेमासाठी वाचलं होतं, आणि म्हाताऱ्यांनी तर डोळ्यांनी पाहिलं होतं.

"खबरदार!" काका कडाडले. एवढ्याशा छातीत एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. "फांदी धरणाऱ्याला बोट लावायचं नाही! आमचा मुलगा चालतोय त्याच्या मागं!"

विटा खाली पडल्या. नोमाखवेझी पुढं झाली. भट्टीपासून तिचं घर वीस मिनिटांवर आहे, सरळ रस्त्यानं. तिनं सरळ रस्ता धरलाच नाही.

तिनं त्याला बाजारातून नेलं. शाळेपुढून नेलं. ज्या मैदानात दर जूनला त्याची खुर्ची मांडायचे, त्या मैदानाला तिनं पुरता वळसा घातला. बातमी पायांच्या पुढं पळत होती. गल्लीगल्लीत माणसं कुंपणाला येऊन उभी होती. "वेलिले, खरंय का रे?" कुणी विचारलं. "क्रॅडॉकची मावशी बरी आहे ना?" दुसऱ्यानं विचारलं. "एका आईचं दूध, काय?" एका म्हातारीनं विचारलं आणि ती थुंकली. वेलिलेला तोंड उघडता येत नव्हतं. ना नाही म्हणता येत होतं, ना माफी मागता येत होती, ना माझं ऐकून तरी घ्या म्हणता येत होतं. रक्त मनगटावरून ओघळत होतं आणि फांदी खाली ठेवायची सोय नव्हती. नोमाखवेझी दोन पावलं पुढं चालत होती आणि तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटत होतं.

मादलोमोच्या घरापाशी ती थांबली. जळक्या घराच्या जागी पत्र्याची एक खोली होती. नव्वदीची म्हातारी दारात खुर्चीवर बसली होती. नोमाखवेझी तिच्यापुढं गुडघ्यांवर बसली.

"आई, पहिला दगड माझा होता. फितूर थेम्बेला नव्हता. हा होता."

मादलोमोनं डोळ्यांवर हात धरून वेलिलेकडं पाहिलं. "हा माझ्याकडं जेवायचा," ती म्हणाली. "घर जळल्यावरसुद्धा जेवून गेला होता." मग ती नोमाखवेझीकडं वळली. "आणि तू उठ. तुला मी आज काही म्हणणार नाही. पण उद्या ये. उद्या म्हणेन."

"येईन," नोमाखवेझी म्हणाली. ती पुढं खरोखरच गेली, आणि तिथं जे ऐकावं लागलं ते तिनं कुणाला सांगितलेलं नाही.

घरी पोचायला दोन तास लागले. गेटाशी काकांनी वेलिलेच्या मुठीतून फांदी घेतली. काटे निघताना तो कळवळला, पण बोलला नाही. अंगणाच्या कोपऱ्यात, जिथं पूर्वी खुराडं होतं, तिथं काकांनी फांदी ठेवली. "साखुम्झी, बेले, हे तुझं घर. आलास तू." नोमाखवेझीनं फांदीशेजारी ताटली ठेवली. ताटलीत सहा ग्विन्या होत्या, गरम. तिथं मात्र ती रडली, आणि बायकांनी तिला रडू दिलं.

मग ती डोळे पुसून गेटाशी आली. तिथं पाण्याची परात भरून ठेवली होती. मेलेल्याच्या कामावरून आलेल्या प्रत्येकानं त्या पाण्यात हात धुऊनच घरात शिरायचं आणि जेवायचं. ते पाणी कुणालाही नाकारत नाहीत. दारुड्याला नाही, शत्रूला नाही, कुणाला नाही. माणसं रांगेनं आली. काकांनी हात धुतले, लेसेदीनं धुतले, कॅमेरावाल्यानं धुतले. अयाबोंगाच्या हाताला विटेची लाली होती, ती धुतली गेली. एकेक जण आत गेला.

शेवटी वेलिले उरला. तो दोन्ही हात पुढं करून परातीपाशी आला. तळवे रक्ताचे, नखांत लाल धूळ. आता फांदी नव्हती, आता त्याला बोलता येत होतं.

"मामबेले," तो म्हणाला, "मी पंचवीस वर्षांचा होतो गं."

"तो एकोणीसचा होता."

तिनं परात दोन्ही हातांनी उचलली. वेलिलेचे हात तसेच पुढं होते. तिनं सगळं पाणी त्याच्या पायांपुढं, कुंपणाबाहेरच्या मातीत ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि परात उपडी करून झटकली.

"आता बोल," ती म्हणाली. "हवं तेवढं बोल. मोकळा आहेस."

आणि तिनं गेटाला आतून कडी घातली.